मातीत जिरणारं सर्किट बनवताना

विघटनशील इलेक्ट्रॉनिक्सवर काम करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे आता फोन पाण्यात विरघळणार?" नाही. आणि विरघळूही नये. फोनमध्ये सोनं, तांबं, कोबाल्ट असतं. ते मातीत मिसळू देण्यापेक्षा बाहेर काढून परत वापरणं केव्हाही शहाणपणाचं. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालाप्रमाणे 2022 साली जगात 6.2 कोटी टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम 22.3 टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद आहे. या ढिगाचं वजन वाढवतात ती घरातली लहानमोठी यंत्रं. मी कागदावर सर्किट छापल्याने ते वजन काट्यावर दिसण्याइतकंही उतरणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

मग हा खटाटोप कशासाठी? काही उपकरणं परत गोळा होणारच नाहीत, हे ती बनवतानाच माहीत असतं. शेतात शेकड्यांनी खोचलेले ओलावा मोजणारे सेन्सर, मालाच्या खोक्यावरचे रेडिओ टॅग, औषधाच्या पाकिटातली तापमानपट्टी. एकेक नग इतका स्वस्त की तो शोधून उचलायची मजुरीच त्याच्या किमतीपेक्षा जास्त. कोणी कितीही सज्जन असला तरी नांगरणीच्या आधी चारशे पट्ट्या वेचत बसणार नाही. त्या तिथेच राहणार, तुकडे होणार, आणि काचतंतू, इपॉक्सी (एक कडक होणारी कृत्रिम राळ) आणि तांबं मातीत पडून राहणार. आम्ही उचलला तो हाच विषय: एक हंगाम नीट चालेल आणि नंतर मातीत जिरेल असा ओलावा मोजणारा सेन्सर.

मोजायचं तत्त्व सोपं आहे. कोरड्या मातीतल्या खनिजांचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थामुळे विद्युतभार साठवणं किती पट सोपं होतं त्याचं माप) तीन ते पाचच्या घरात, पाण्याचा ऐंशीच्या आसपास. कंगव्याचे दात एकमेकांत अडकवल्यासारखे दोन इलेक्ट्रोड मातीत खोचले की माती जसजशी ओली होते तसतसा त्यांच्यामधला कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, वाढतो. धातू मातीला प्रत्यक्ष लागलाच पाहिजे असं नाही, वर पातळ आवरण चालतं. म्हणजे विघटनशील साहित्यात करून बघायला यापेक्षा सोपं उपकरण सापडणं अवघड. निदान कागदावर तरी तसं दिसत होतं.

आधी पाटी. नेहमीच्या सर्किट बोर्डाची पाटी म्हणजे काचेच्या तंतूंचं विणलेलं कापड इपॉक्सीत मुरवलेलं, आणि आग लागू नये म्हणून त्यात बहुधा ब्रोमीनची संयुगं. उष्णतेला, पाण्याला, आम्लाला, सगळ्याला पुरून उरणारी. तिला पर्याय शोधायला बसलो की पहिलं नाव येतं पीएलएचं, म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड या प्लास्टिकचं, कारण ते सहज मिळतं आणि त्यावर 'वनस्पतिजन्य' असा शिक्का असतो. दोन कारणांनी ते बाद झालं. एक, ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि दीडशे ते एकशेऐंशी अंशांत वितळतं, तर सुटे भाग बोर्डाला जोडणारा मिश्रधातू, म्हणजे शिसंविरहित सोल्डर, वितळायलाच 217 अंश लागतात. दुसरं कारण माझ्या दृष्टीने मोठं: पीएलए विघटन पावतं ते मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात, अठ्ठावन्न अंशांच्या ऊबेत. साध्या शेतमातीत ते हंगाम काय, वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. आमची पट्टी शेतातच राहणार होती.

इतरांनी काय काय करून पाहिलं आहे तेही चाळलं. ऑस्ट्रियातल्या लिंझ इथल्या योहानेस केप्लर विद्यापीठाच्या गटाने 2022 साली बुरशीच्या सालीवर सर्किट उभं केलं. गॅनोडर्मा नावाची ही भूछत्राची जात वाढताना वर जी चिवट साल धरते ती वाळवून तिच्यावर धातूच्या रेषा ओढल्या. साल दोनशे अंशांच्या पुढेही टिकते, म्हणजे सोल्डरही चालतो. ब्रिटनमधल्या जिव्हा मटेरियल्स या कंपनीची जवसाच्या तंतूंची पाटी गरम पाण्यात घातली की तिचे थर सुटे होतात. चिप बनवणाऱ्या इन्फिनिऑन कंपनीने 2023 मध्ये आपले काही प्रात्यक्षिक बोर्ड तिच्यावर काढले. भांड्यात विरघळणाऱ्या बोर्डाचे फोटो बघायला छान वाटतात, पण तिथला हेतू वेगळा आहे: पाटी सुटली की वरच्या चिप काढून घ्यायच्या. परत हातात येणाऱ्या उपकरणासाठी तो उत्तम मार्ग. हातात परत न येणाऱ्यासाठी काय?

आम्ही कागदावर आलो. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज खाणारे जीव कुठल्याही मातीत असतात. पण हाच गुण कामाच्या काळात मुळावर येतो. कागद हवेतला दमटपणा ओढून घेतो, फुगतो, वाळला की आकसतो. त्यावर ओढलेली धातूची रेष मात्र त्याच्याबरोबर ताणली जात नाही. सकाळी छापलेल्या रेषेचा विजेला होणारा रोध दुपारी वेगळा भरायचा. शेवटी साधा कागद सोडून दाबून घट्ट केलेला, सूक्ष्म सेल्युलोज तंतूंचा गुळगुळीत तक्ता घेतला. तो महाग पडतो, पण त्याच्यावर शाई झिरपत नाही आणि रेषेच्या कडा शाबूत राहतात.

आता धातू. या क्षेत्रात सगळे ज्याचा दाखला देतात तो शोधनिबंध 2012 सालचा, 'सायन्स' या नियतकालिकात आलेला. अमेरिकेतल्या जॉन रॉजर्स आणि फिओरेंझो ओमेनेट्टो या संशोधकांच्या गटांनी मिळून सिलिकॉनचे अतिपातळ पापुद्रे, मॅग्नेशियमच्या तारा आणि रेशमाची पाटी वापरून पाण्यात नाहीसं होणारं सर्किट दाखवलं. मॅग्नेशियम पाण्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड होतं, हायड्रोजन सुटतो, तार संपते. शरीरात काही दिवसांपुरत्या ठेवायच्या उपकरणाला ते बरोबर आहे. आम्हाला तीन-चार महिने हवे होते, आणि मॅग्नेशियमचा पातळ थर ओल्या मातीत दिवसांच्या हिशेबात जातो. शिवाय त्याची पूड हाताळणं म्हणजे विस्तवाशी खेळ. ती पेटली तर पाणी मारून विझत नाही, उलट भडकते. छपाईच्या टेबलाशेजारी मला ती नको होती.

म्हणून जस्त. विजेचं वहन तांब्याच्या पाव पटीहून थोडं जास्त, गंजायला निवांत, आणि वनस्पतींना थोड्या प्रमाणात लागणारंच मूलद्रव्य. जस्ताची बारीक पूड, ती धरून ठेवणारा बंधक आणि द्रावक यांची शाई करायची आणि जाळीतून कागदावर छापायची, टी-शर्टवर चित्र छापतात त्याच पद्धतीने. पहिली पट्टी वाळवून मल्टिमीटर लावला तर मीटर मेगाओहम, म्हणजे दहा लाख ओहमच्या घरातला रोध, दाखवायला लागला. म्हणजे रेष नव्हतीच, नुसता राखाडी रंग होता. कारण जस्ताच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडची कातडी असते. कण एकमेकांना टेकलेले दिसतात, पण धातूला धातू लागलेला नसतो. चांदीच्या शाईत ही अडचण फारशी येत नाही, म्हणून तर बाजारातल्या बहुतेक छापील सर्किटांत चांदी असते.

कण वितळवून जोडावेत तर जस्त 419 अंशांना वितळतं आणि कागद त्याच्या कितीतरी आधी जळतो. यावर दोन उपाय प्रचलित आहेत. एक म्हणजे झेनॉनच्या दिव्याचा क्षणार्धाचा लखलखाट. वरचा धातू तापतो आणि खाली कागदापर्यंत उष्णता पोहोचायच्या आत दिवा विझलेला असतो. दुसरा उपाय ॲसेटिक आम्लाचा. व्हिनेगारला वास आणणारं तेच आम्ल. ते ऑक्साइडची कातडी विरघळवतं, विरघळलेलं जस्त कणांच्या फटींत पुन्हा धातू होऊन बसतं आणि कणांमध्ये पूल तयार होतात, तेही साध्या तापमानाला. आमच्याकडे झेनॉनचा दिवा नव्हता. त्यामुळे काही महिने आमच्या खोलीला लोणच्याच्या बरणीचा वास होता. आम्ल कमी पडलं तर कातडी उरते, जास्त झालं तर जस्त क्षारात बदलतं आणि रेष पांढरी पडते. मधली योग्य मात्रा फार अरुंद आहे आणि ती शाईच्या प्रत्येक घाण्याला थोडी सरकते. या एका टप्प्याने जेवढा वेळ खाल्ला तेवढा बाकी सगळ्यांनी मिळून खाल्ला नसेल.

रेष चालू लागल्यावर आवरण. मातीतलं पाणी कागदापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, पण कायमचंही अडवायचं नाही. लाख वापरली. लाखेच्या किड्याची ही राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, पातळ थर छान बसतो आणि विजेला रोधक. तिची गंमत अशी की आम्लधर्मी पाण्याला ती दाद देत नाही, पण विम्ल पाण्यात हळूहळू सुटते. म्हणजे चुनखडीच्या मातीत पट्टीचं आयुष्य कमी आणि आम्लट मातीत जास्त. एकच आवरण सगळ्या जमिनींना चालणार नाही हे मान्य करून लाखेवर मेणाचा थर दिला. मेणाच्या जाडीवरून आयुष्य ठरवायचं अशी योजना होती.

योजना चांगली होती, पण पट्ट्या बंद पडायच्या त्या वेगळ्याच जागी. मातीत गाडलेल्या भागावर मेण, लाख, जस्त सगळं ठीक, आणि वर जिथे वाचन घेणाऱ्या यंत्राची तांब्याची क्लिप लागते तिथे जस्ताची रेष तुटलेली. दोन वेगळे धातू आणि त्यांच्यात ओलाव्याचा एक पापुद्रा, म्हणजे विजेचा घट, एक छोटी बॅटरीच, तयार. जस्ताचं प्रमाण विभव (जितकं उणे, तितका धातू गंजायला तयार) उणे 0.76 व्होल्ट, तांब्याचं अधिक 0.34. या जोडीत तांबं सुरक्षित राहतं आणि जस्त बळी जातं. जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला जस्ताचे ठोकळे लावतात ते याच गुणासाठी. क्लिपवर ग्रॅफाइटचा लेप देऊनही सुटका नव्हती, कारण जस्त आणि ग्रॅफाइट ही तर चक्क बॅटरीची जोडी. स्वित्झर्लंडमधल्या एम्पा या संस्थेने 2022 मध्ये दाखवलेली कागदी बॅटरी याच दोघांवर चालते: मिठाचा कागद, एका बाजूला जस्ताची शाई, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटची. त्यावर दोन थेंब पाणी टाकलं की वीस सेकंदांत 1.2 व्होल्टच्या आसपास दाब मिळतो. त्यांना हवी असलेली रासायनिक क्रिया आमच्या सांध्यात नको असताना होत होती.

उत्तर रसायनातून निघालंच नाही. पट्टी लांब केली, सांधा जमिनीच्या वर तळहातभर आणला, आणि त्याच्यावर पावसाचं पाणी थांबणार नाही असं टोपण घातलं. यात शोध वगैरे काही नाही, पण पट्ट्या हंगामभर टिकू लागल्या.

मग तपासणी. इथपर्यंत आमचा गट सगळा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा होता आणि आमची विघटनाची कल्पना म्हणजे पट्टी गाडायची, काढायची, वजन करायचं. मातीतल्या सूक्ष्मजीवांवर काम करणाऱ्या एक ज्येष्ठ मॅडम आमच्या तक्त्यावर नजर टाकून म्हणाल्या, "वजन कमी झालं म्हणजे कोणीतरी खाल्लं, हे कशावरून? तुकडे होऊन चाळणीतून गेलं असेल." आणि उलटही होत होतं. काही पट्ट्यांचं वजन वाढलेलं होतं, कारण जस्ताचं ऑक्साइड आणि कार्बोनेट धातूपेक्षा जड असतं आणि धुऊनही मातीचे कण चिकटून राहतात.

खरी चाचणी श्वासाची आहे. झाकणबंद बरणीत माती, त्यात पट्टीचे तुकडे, आणि एका लहान वाटीत अल्कलीचं द्रावण. सूक्ष्मजीव कागद खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो वाटीतल्या द्रावणात शोषला जातो आणि ठरावीक दिवसांनी टायट्रेशन करून, म्हणजे उरलेली अल्कली आम्लाने मोजून, किती शोषला ते काढायचं. एक ग्रॅम सेल्युलोज पूर्ण खाल्लं गेलं तर साधारण 1.63 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा. काही बरण्यांत नुसती माती, कारण माती स्वतःही श्वास घेते आणि तो वजा करावा लागतो. काही बरण्यांत शुद्ध सेल्युलोज, म्हणजे माती जिवंत आहे की मेलेली ते कळतं. हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. एखाद्या उत्पादनावर विघटनशील असं लिहिलेलं दिसलं की आता मी आधी बघते: श्वास मोजला आहे की नुसते वजनाचे आकडे दिले आहेत, आणि कोणत्या तापमानाला.

कोरा कागद आणि मेण-लाखेचा कागद बरण्यांमध्ये अपेक्षेप्रमाणे वागले. दुसऱ्याचा आलेख उशिरा उठला, पण उठला. जस्ताच्या पट्ट्यांचा आलेख मात्र सुस्त होता. मॅडमना आश्चर्य वाटलं नाही. जस्त थोडं असेल तर पोषक, जास्त झालं तर सूक्ष्मजीवांना विष. त्यांनी कंपोस्टयोग्य वेष्टनांसाठीचं युरोपीय मानक ईएन 13432 आमच्यासमोर ठेवलं. आम्ही त्यातली सहा महिन्यांत नव्वद टक्के विघटनाची अट तेवढी वाचली होती. त्याच मानकात जड धातूंची मर्यादा आहे: कोरड्या वजनाच्या दर किलोमागे जस्त 150 मिलिग्रॅम, तांबं 50, निकेल 25. आणि मॉलिब्डेनम, ज्याला आमच्या क्षेत्रातल्या निबंधांत सुरक्षित, विरघळणारा धातू म्हणून मानाचं स्थान आहे, ते फक्त 1.

हिशेब करायला कागद-पेन्सिलही लागली नाही. एका ग्रॅमच्या पट्टीत चालेल ते जस्त 0.15 मिलिग्रॅम. आमच्या रेषांमध्ये साधारण दहा मिलिग्रॅम. साठपटींच्या वर. हे मानक वेष्टनांसाठी आहे, सेन्सरसाठी नाही, असा युक्तिवाद गटात झाला आणि तो अगदीच खोटा नाही. एक पट्टी ज्या जमिनीत खोचली जाते त्या सगळ्या मातीत वाटून बघितलं तर दहा मिलिग्रॅम काहीच नाही. पण माझ्या मते हा युक्तिवाद एका पट्टीला लागू पडतो, दरवर्षी त्याच शेतात खोचलेल्या शेकडो पट्ट्यांना नाही. धातू विरघळला तरी तो धातूच राहतो. सेल्युलोजचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं. जस्ताचं शेवटपर्यंत जस्तच.

एवढ्या कष्टाने जमवलेली जस्ताची शाई बाजूला ठेवायची हे कोणालाच आवडलं नाही. तरी ठेवली, आणि ग्रॅफाइट व काजळीची लाखेत कालवलेली शाई घेतली. अशी लाखेची कार्बन शाई एम्पातल्याच गटाने आधी प्रसिद्ध केली आहे, त्यामुळे चाचपडावं लागलं नाही. तिचा रोध धातूच्या मानाने प्रचंड. रेडिओच्या अँटेनाला ती निरुपयोगी, पण कपॅसिटन्स मोजणाऱ्या कंगव्याला चालून जाते, अट एवढीच की मोजणीची वारंवारता फार चढवायची नाही. आणि वारंवारता खाली आणली की मातीतले क्षार लुडबुड करू लागतात. खत घातलेल्या दिवशी सेन्सरला वाटतं पाऊस पडला. म्हणून आता प्रत्येक वाचन दोन वारंवारतांवर घेऊन क्षारांचा वाटा वजा करतो. अचूकता जस्ताच्या पट्टीपेक्षा कमी आहे. पाणी द्यावं की नाही एवढं ठरवायला पुरते. ग्रॅफाइट सूक्ष्मजीव खात नाहीत, ते मातीत काळ्या भुकटीच्या रूपात राहतं, आणि आमच्या अहवालात ते तसंच लिहिलेलं आहे.

राहिली चिप. सिलिकॉन पाण्यात विरघळतं हे खरं आहे, दिवसाला काही नॅनोमीटर या गतीने. 2012 च्या प्रयोगातले पापुद्रे म्हणूनच गेले, कारण ते होतेच नॅनोमीटरमध्ये मोजण्याइतके पातळ. नेहमीची चिप पातळ केलेली असली तरी तिची जाडी शंभर-दोनशे मायक्रॉन. दिवसाला पाच नॅनोमीटर धरले तर दोनशे मायक्रॉनला शंभर वर्षांहून जास्त लागतात, आणि तिच्या भोवतीचं काळं इपॉक्सी तर जातच नाही. बॅटरीचंही तेच. एम्पासारखी कागदी बॅटरी लावली तर पुन्हा जस्त आलं.

त्यामुळे आमची रचना आता दोन भागांची आहे. मातीत राहणाऱ्या पट्टीत कागद, कार्बन, लाख, मेण एवढंच. चिप, अँटेना आणि बॅटरी वरच्या डोक्यात, नेहमीच्या बोर्डावर, आणि ते डोकं हंगाम संपला की उचलून पुढच्या पट्टीवर लावायचं. पट्ट्या चारशे असल्या तरी डोकी चारशे नकोत. एक डोकं आठ पट्ट्या वाचेल असं सध्याचं उद्दिष्ट आहे, आणि तिथेच गाडी अडली आहे. डोक्यापासून पट्टीपर्यंत जाणारी जोडणी कशाची करायची? तांब्याची तार ओढली तर तीच शेतात राहणार, आणि कार्बनची लांब रेष ओढली तर रोध इतका वाढतो की दुसऱ्या वारंवारतेचं वाचन गोंगाटात बुडतं. कापसाच्या दोऱ्याला कार्बनची शाई पाजून बघतो आहोत. तीन पट्ट्यांपर्यंत वाचन स्वच्छ येतं. चौथ्या पट्टीचं वाचन दोरा ओला झाला की भरकटतं, म्हणून दोऱ्यावर मेण चढवण्याचं यंत्र सध्या जुळवतो आहोत.